मनोरंजनक्षेत्रात घडणारी, आजच्या काळातली एखादी प्रेमकादंबरी सुचवाल का? मला प्रेमकथा फार गोड लागतात, दहा पानांत कंटाळा येतो.

गोडाचा त्रास मलाही आहे. मी रोज चालणाऱ्या मराठी मालिकेचे संवाद लिहिते, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रेमाचा पाक करत बसणं हेच माझं पोटापाण्याचं काम. एकतारी, दोनतारी, चॅनलला हवा तसा. त्यामुळे घरी येऊन पुन्हा प्रेमकथा वाचायची म्हटलं की नको होतं. तरी एक नाव बेधडक सांगते: कर्टिस सिटनफेल्ड यांची ‘रोमँटिक कॉमेडी’. इंग्रजीत आहे, एप्रिल २०२३ मध्ये आली. मी ती घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, सेटवर जाता-येता वाचली आणि दोनदा ट्रॅफिक सुटला म्हणून चिडले.

नायिका सॅली मिल्झ, घटस्फोटित, न्यूयॉर्कमध्ये ‘द नाइट आउल्स’ नावाच्या विनोदी कार्यक्रमाची लेखिका. नोआ ब्रूस्टर हा प्रसिद्ध पॉप गायक, एका आठवड्यापुरता कार्यक्रमाचा पाहुणा. कार्यक्रम काल्पनिक, पण साचा उघडच ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकेतल्या खऱ्या विनोदी कार्यक्रमाचा. तो ११ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाला, रॉकफेलर सेंटरमधल्या स्टुडिओ ८-एच मधून शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपित होतो. आपल्या ‘हास्यजत्रे’सारखी स्किट्स असतात, फक्त एडिटवर सांभाळून घेण्याची सोय नाही. चुकलं तर ते सगळ्या देशासमोर चुकतं.

कादंबरीचा पहिला भाग म्हणजे २०१८ मधला असाच एक आठवडा, सोमवार ते शनिवार. सोमवारी कल्पना ऐकवायच्या, मंगळवारी रात्रभर जागून लिहायचं, बुधवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून वाचायचं. तिथेच निम्म्याहून जास्त स्किट्स मरतात. उरलेल्यांचे सेट, कपडे, विग दोन दिवसांत उभे राहतात. शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते आणि त्यानंतर ऐन तोंडावर आणखी काही उडतात. ज्याचं उडालं तो रडत बसत नाही, दुसऱ्याच्या स्किटला हसायला उभा राहतो. कामाचं एवढं बारीक वर्णन मी प्रेमकथेत पहिल्यांदाच वाचलं. एरवी नायक ‘बिझनेसमन’ असतो आणि कशाचा बिझनेस ते तीनशे भाग झाले तरी लेखकालाही माहीत नसतं. (हे मी अनुभवाने सांगतेय.)

आणि प्रेम त्या कामातच शिजतं. नोआ स्वतः लिहिलेलं स्किट घेऊन सॅलीच्या खोलीत येतो, मदत कर म्हणतो. ती त्याला कुठे लांबलंय, कुठे हशा आधीच फुटतोय ते सांगत जाते. ना पाऊस, ना ओढणी. दोन माणसं एका कॉम्प्युटरसमोर बसून ओळी खोडतायत, आणि मला तरी त्यात पुरेसं सगळं दिसलं.

कारण हे मी पाहिलंय. एका लग्नाच्या ट्रॅकमध्ये आमच्या हिरोला डेंग्यू झाला. रात्री साडेअकराला फोन: सकाळी सातची शिफ्ट आहे, हिरो नाही, सीन बदलून दे. मग नायक स्टेशनवर अडकलाय आणि फोनवरच बोलतोय असा सीन लिहायला घेतला. पटकथा लिहिणारा मित्र फोनवर होता. माझं वाक्य होतं, ‘मी कायम तुझ्यासोबत आहे.’ तो म्हणाला, कायम काढ. काढलं. मग म्हणाला, तुझ्यासोबत पण काढ. उरलं, ‘मी आहे.’ रात्रीचे दोन वाजले होते आणि आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. पुढे काही झालं नाही, त्याला बायको आणि दोन मुलं आहेत. पण त्या खोडण्यात किती जवळीक असते ते सिटनफेल्डबाईंना नेमकं माहीत आहे.

कथेचा खिळा मात्र वेगळा. सॅलीचा सहकारी डॅनी हॉर्स्ट दिसायला बेताचा, आणि त्याचं एका अत्यंत देखण्या नटीशी जमतं. सॅली वैतागते: असले पुरुष सहज अप्सरा पटकावतात, पण साध्या चेहऱ्याच्या लेखिकेवर एखादा देखणा स्टार भाळलाय असं कधी ऐकलंय? यावर ती स्किटच लिहिते, ‘डॅनी हॉर्स्ट रूल’. खऱ्या कार्यक्रमातली उदाहरणं आठवतातच. २०१८ च्या जूनमध्ये तिथला विनोदी नट पीट डेव्हिडसन आणि गायिका अरियाना ग्रँडे यांची एंगेजमेंट झाली, २०२० मध्ये तिथलाच लेखक कॉलिन जोस्टचं अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सनशी लग्न. आपले ऐंशीच्या दशकातले विनोदी सिनेमे आठवा, तिथेही नायकाचं रूप कोणी विचारत नाही. नायिकेचं विचारतात.

म्हणून नोआ तिच्याकडे झुकतोय हे आपल्याला दिसतं आणि तिला दिसत नाही. पार्टीत तो जवळ येतो तर ही त्याच्या मॉडेल मैत्रिणींवरून असं काही बोलून जाते की विषयच संपतो. आमच्या धंद्यात प्रेमात अडथळा बाहेरून आणावा लागतो: सासू, अपघात, बदललेला रिपोर्ट. इथे अडथळा हिच्या जिभेवर बसलाय. विनोद करून पोट भरणाऱ्या माणसाला विनोद थांबवता येत नाही, हे मला फार लागलं. माझी आई म्हणते, तुला कोणी चांगलं म्हटलं की तू लगेच वाकडं बोलतेस.

दुसरा भाग जुलै २०२०. लॉकडाऊन, सॅली कॅन्सस सिटीला सावत्र वडिलांच्या घरी, आणि दोन वर्षांनी नोआचा मेल येतो. हा भाग सगळा मेलचाच. तुम्हाला गोडाचा कंटाळा असेल तर इथे जीभ सुधारेल. लिहिताना तिला खोडता येतं, म्हणून ती प्रथमच खरं बोलते.

तिसरा भाग सैल आहे, हे लपवत नाही. ती लॉस एंजेलिसला त्याच्या बंगल्यावर जाते आणि पैसा इतका मुबलक की कशाचं काही अडत नाही. स्विमिंग पूल, मोठं स्वयंपाकघर, मदतीला माणसं. टीव्हीच्या त्या खोल्या, शिळा पिझ्झा, झोप न झालेले चेहरे गेले आणि कथेतला ताणही थोडा गेला. सावत्र वडील आजारी पडतात तेव्हा पुन्हा जमिनीवर येते.

जाता जाता एक गंमत. कादंबरी आली आणि महिन्याभरात, २ मे २०२३ ला, अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप सुरू झाला. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चा सीझन तिथेच थांबला. ६ मेच्या भागाचा पाहुणा ठरला होता पीट डेव्हिडसन. तो भाग झालाच नाही, पीट पाहुणा म्हणून आला थेट ऑक्टोबरमध्ये. हे कथेत लिहिलं असतं तर आमच्या ईपीने, म्हणजे कार्यकारी निर्मात्याने, ‘जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

इंग्रजी सोपं आहे. सुरुवातीला नावांची गर्दी होते, कोण लेखक, कोण नट कळत नाही. दहा पानांत सोडायची तुमची सवय असेल तर निदान बुधवारपर्यंत वाचा.