दोन मिनिटांत विडी सुटते का?

प्रश्न : मी ग्रामीण भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. रोज सकाळी नव्वद-शंभर रुग्ण तपासावे लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला मी कर्करोगाची भीती घालतो. ते मान डोलावतात आणि केंद्राच्या फाटकाशीच विडी पेटवतात. एवढ्या गर्दीत समुपदेशन कसे करावे, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : उपयोग होतो, मात्र त्याचे माप लहान आहे हे आधीच मान्य करून कामाला लागावे. लंडनमधील डॉक्टरांकडे आलेल्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवर मायकेल रसेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी ०.३ टक्के लोकांची सवय पहिल्याच महिन्यात सुटली व वर्षभरानंतरही सुटलेली होती. एक-दोन मिनिटांचा तोंडी सल्ला मिळालेल्यांत हे प्रमाण ३.३ टक्के होते. सल्ल्याला माहितीपत्रकाची आणि 'आम्ही पुन्हा चौकशी करणार आहोत' या सूचनेची जोड मिळाली, तेव्हा ते ५.१ टक्क्यांवर गेले. आपल्या केंद्रात बहुधा हा शेवटचा धागाच सुटलेला असावा.

भीती घालणे मात्र थांबवावे. रुग्णाला कर्करोग ठाऊक असतो, पाकिटावरचे चित्र तो रोज पाहतो. त्याऐवजी विचारावे, "काका, विडी सुटावी असं सोळा आण्यांपैकी किती आणे वाटतं?" ते "चार आणे" म्हणाले, तर "एवढे कमी का?" असे विचारू नये, कारण मग ते विडीचीच वकिली करू लागतात. "चार तरी का? काहीच नाही असं का नाही म्हणालात?" असे विचारावे आणि गप्प राहावे. माझ्याकडे येणाऱ्या एका वारकरी गृहस्थांनी या प्रश्नावर बराच वेळ जमिनीकडे पाहिले आणि मग सांगितले, की गेल्या वारीत दिवे घाट चढताना त्यांना तीनदा खाली बसावे लागले आणि दिंडी पुढे निघून गेली. त्यानंतर मला फुप्फुसांविषयी फारसे बोलावे लागले नाही.

दुसरा प्रश्न, उठल्यावर पहिली विडी किती वेळाने ओढता? अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटीनची पकड घट्ट आहे असे समजावे. अशा रुग्णाला नुसते शब्द पुरत नाहीत, निकोटीनचा च्युइंगगम द्यावा लागतो आणि तोही बहुधा चार मिलिग्रॅमचा. तो साध्या गमसारखा सतत चघळल्यास उचकी लागते, मळमळते. हळूहळू चावून जिभेला चुरचुरले की गालात दाबून ठेवावा, हे आपल्याकडे समजावणे सोपे जाते, कारण तंबाखूची गुळी धरण्याची रीत लोकांना ठाऊक असते. गमच्या आधी पाव तास आणि तो तोंडात असेपर्यंत चहा घेऊ नये.

"विडीशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार हमखास येईल. ती हसण्यावारी नेऊ नये. निकोटीन सुटल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता खरोखरच होते. भरपूर पाणी, भाजी आणि गरज पडल्यास इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. सोडण्याची तारीख पुढच्या दोन आठवड्यांतली असावी आणि ती रुग्णाने स्वतः ठरवावी. फक्त आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी सोबत्यांची विडी हातात येतेच. तलफ काही मिनिटांत ओसरते, हेही सांगून ठेवावे. विडी सुटली आणि मशेरी सुरू झाली, असे आपल्याकडे वारंवार घडते, म्हणून पुढच्या भेटीत दोन्हींची चौकशी करावी.

राहिला पाठपुरावा. तो आपणच करावा असे नाही. त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो, तेव्हा ठरलेल्या तारखेनंतर तीन-चार दिवसांत आशाताईंनी घरी डोकवावे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावा. महिन्याने रुग्ण आला आणि पुन्हा ओढू लागलो म्हणाला, तर रागावू नये. पहिली विडी कोणी दिली, कुठे दिली, एवढेच विचारून नवी तारीख केसपेपरवर लिहावी.