आखूड केस, मशीनचे नंबर आणि मानेवरच्या गाठी

मशीनने केस किती आखूड करावेत हा खरे तर केशकर्तनकाराला विचारायचा प्रश्न आहे, त्वचारोगतज्ज्ञाला नव्हे. तरीही पुरुष वाचकांच्या पत्रांमध्ये तो वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो आणि बहुतेक पत्रांमागे एकच गैरसमज असतो, की मशीन केसांचे काहीतरी करते. केसांचा त्वचेबाहेरचा भाग निर्जीव असतो, त्यामुळे तो कापल्याने त्याचे भले होत नाही आणि वाईटही होत नाही. जे काही बिघडते ते केसांखालच्या त्वचेचे, आणि तेही पाते त्वचेला टेकवल्यामुळे किंवा ते स्वच्छ नसल्यामुळे. पुढची उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : सलूनमध्ये ‘दोन नंबर मारू की तीन?’ असे विचारतात. हे नंबर म्हणजे नेमके किती?

उत्तर : पात्यावर बसवायच्या प्लास्टिकच्या गार्डचा तो क्रमांक आहे. दर नंबरमागे साधारण एक अष्टमांश इंच धरतात, म्हणजे 1 नंबरला 3 मिलिमीटर, 2 ला 6, 3 ला 10, 4 ला 13 आणि 8 ला 25 मिलिमीटर केस राहतात. गार्ड काढून चालवले की ते ‘झिरो मशीन’, त्यात केस जवळजवळ त्वचेलगत कापले जातात. क्रमांक छापण्याची पद्धत सगळीकडे तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे नंबर सांगण्याऐवजी मिलिमीटर सांगावेत आणि पहिल्या खेपेस मोठ्या गार्डने सुरुवात करायला लावावी.

प्रश्न : बाजूंना बारीक आणि वर थोडे मोठे असा ‘फेड’ ठेवतो, पण दहा-बारा दिवसांत त्याचा आकार जातो. मशीन चांगले नसते का?

उत्तर : मशीनचा दोष नाही, हा साधा हिशेब आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर किंवा किंचित जास्त, म्हणजे दिवसाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. 1 नंबरने ठेवलेला 3 मिलिमीटरचा केस नऊ-दहा दिवसांत दुप्पट होतो, तर 4 नंबरच्या केसाला दुप्पट व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो. जितका आखूड कट, तितकी वारंवार खेप. ज्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी बसणे जमत नाही त्यांनी बाजूंनाही 3 किंवा 4 नंबर ठेवावा. टाळू लाल झालेली असेल, खाजत असेल किंवा पुटकुळ्या असतील, तर ती शमेपर्यंत खेप पुढे ढकलावी आणि दोन आठवड्यांत शमली नाही तर दाखवून घ्यावी.

प्रश्न : वारंवार झिरो मशीन मारल्याने केस दाट आणि जाड येतात, असे घरातील मोठी माणसे सांगतात. मुलाचे केस विरळ आहेत, त्याला मारावे का?

उत्तर : नाही. केसाची जाडी त्वचेच्या आत असलेल्या मुळावर ठरते आणि पाते मुळापर्यंत पोहोचतच नाही. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापल्यावर ते बोथट होते, म्हणून नवे खुंट हाताला राठ आणि डोळ्याला गडद भासतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधिकेने 1928 साली दाढी करणाऱ्या पुरुषांवर काळजीपूर्वक निरीक्षणे करून दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असे दाखवून दिले होते. ऐकीव माहिती त्यानंतरही थकलेली नाही. मुलाचे केस खरोखरच विरळ असतील तर कारण शोधावे लागेल, आणि ते बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडेच शोधता येईल.

प्रश्न : वय 29. डोक्याच्या मागच्या बाजूला भोवऱ्याजवळ केस विरळ झाले आहेत. कोणता कट ठेवला तर ते लपेल? एका दुकानात कॅमेऱ्याने टाळू तपासून ‘मुळे झोपली आहेत’ असे सांगितले आणि सीरमचा संच घ्यायला सांगितला.

उत्तर : विरळपणा डोळ्यांत भरतो तो दाट आणि विरळ भागांतील फरकामुळे. बाजू 1 किंवा 2 नंबर आणि वर 3 किंवा 4 नंबर ठेवल्यास हा फरक कमी दिसतो, आणि लांब केस आडवे विंचरून झाकण्यापेक्षा हे केव्हाही बरे दिसते. मात्र हा दिसण्याचा उपाय झाला, उपचार नव्हे. आखूड केसांमुळे वर्ष-दोन वर्षे मनाचे समाधान होते आणि तेवढ्यात बरीचशी मुळे सूक्ष्म होऊन जातात, ही या कटाची छुपी किंमत आहे.

मोठे करून दाखवलेली कोणतीही टाळू भयानक दिसते. त्या दुकानातील कॅमेरा निदान करण्यासाठी नाही, विक्रीसाठी आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रेही पाहताना प्रकाश, केसांची लांबी आणि डोक्याचा कोन सारखा आहे का, हे एकदा तपासून पाहावे. पुरुषी टक्कल असेल तर परिणाम सिद्ध झालेली औषधे आहेत. मिनॉक्सिडिल टाळूवर लावतात. त्याचा परिणाम दिसायला किमान चार महिने लागतात, सुरुवातीला केसगळती वाढू शकते आणि औषध थांबवले की मिळालेला फायदा जातो. फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नये. तिचे लैंगिक आणि मानसिक दुष्परिणाम काहींना जाणवतात, शिवाय प्रोस्टेटसाठी होणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा ती सुमारे निम्म्यावर आणते, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असावे लागते. थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता, नुकताच होऊन गेलेला मोठा ताप यांनीही केस गळतात, तेव्हा आधी निदान आणि मग खरेदी.

प्रश्न : वय 26. मानेच्या मागे, केसांच्या कडेला, पुटकुळ्या येतात. मशीन मारल्यावर दोन दिवसांनी वाढतात, मग थोड्या बसतात. दीड वर्ष झाले. आता त्यांतील काही कडक झाल्या आहेत. न्हावी म्हणतो उष्णतेमुळे होते, मित्र म्हणतो तुरटी लाव. काय करावे?

उत्तर : दीड वर्ष थांबायला नको होते, हे आधी सांगतो, कारण याच तक्रारीचे पत्र घेऊन येणारे बहुतेक जण इतकेच थांबलेले असतात. मानेवर आलेली प्रत्येक पुटकुळी गंभीर नसते. बऱ्याच वेळा ते साधे केसतूड असते, म्हणजे केसाच्या मुळाशी जिवाणूंमुळे झालेला दाह, आणि तो थोडक्यात बरा होतो. परंतु मानेच्या केसांच्या रेषेवरच पुन्हा पुन्हा येणाऱ्या, खाजणाऱ्या आणि हळूहळू कडक होणाऱ्या गाठींचा एक वेगळा विकार आहे, त्याला ‘अ‍ॅक्ने किलॉइडॅलिस’ म्हणतात. नावात अ‍ॅक्ने असले तरी ते मुरूम नव्हेत. केसांच्या मुळांभोवती दीर्घकाळ चालणारा हा दाह आहे आणि त्याची अखेर व्रणात होते. तो मुख्यतः पुरुषांना, तरुणपणापासून पन्नाशीपर्यंत, आणि राठ, कुरळे केस असणाऱ्यांना अधिक होतो. मूळ कारण एकच असे सांगता येत नाही, पण त्वचेलगत केस कापणे, वस्तऱ्याने मानेची कड कोरणे, ताठ कॉलर आणि हेल्मेटची कड यांच्या घर्षणाने तो चिघळतो.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती या विकाराच्या दुष्टचक्राची. पुटकुळ्या आल्या की माणसाला वाटते केस अडकले आहेत, म्हणून तो मान आणखी गुळगुळीत करून मागतो. पात्याने पुटकुळ्यांची टोके उडतात, थोडे रक्त येते, त्यावर तुरटी फिरते, चुरचुरते आणि ‘साफ झाले’ असे वाटते. तुरटी रक्त थांबवते, दाह थांबवत नाही, आणि सगळ्यांच्या मानेवरून फिरलेला तोच खडा असेल तर संसर्गाची भर पडते. पुढच्या खेपेपर्यंत नव्या गाठी आलेल्या असतात. काही वर्षांनी त्या एकमेकींना जुळून जाड पट्टा होतो, त्यातले केस कायमचे जातात, कधी त्यातून पू वाहतो, आणि त्या अवस्थेत शस्त्रक्रियेने तो पट्टा काढण्याची वेळ येऊ शकते. ‘उष्णता’ हे कारण नाही, कारण न शोधण्याची ती सबब आहे.

तेव्हा आजपासून मानेवर वस्तरा आणि झिरो मशीन बंद. मागे किमान 1 नंबर, जमल्यास 2 नंबरचा गार्ड ठेवावा आणि कड कोरू नका असे खुर्चीवर बसण्यापूर्वी सांगावे, कारण मान खाली घातल्यावर मागे काय चालले आहे ते दिसत नाही. गाठी फोडू नयेत, खाजवू नयेत, कॉलर मऊ घालावी, हेल्मेटची कड टोचत असेल तर माप बदलावे. औषधांच्या दुकानातून मिळणारे स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम स्वतःहून लावू नये. त्याने चार दिवस खाज कमी होते आणि निदान मात्र झाकले जाते. डॉक्टर सुरुवातीच्या अवस्थेत लावायचे तीव्र स्टेरॉइड औषध मोजक्या दिवसांसाठी देतात, काही आठवडे डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या देतात, कडक गाठींत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात आणि काहींना लेसरने तेथील केस कमी करण्याचा फायदा होतो. यांतील काय लागू पडेल हे गाठी हाताने चाचपून, पू असल्यास तो तपासायला पाठवून आणि क्वचित त्वचेचा तुकडा तपासून ठरते. तुमच्या गाठी कडक झाल्या आहेत, म्हणून या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि पुढची हजामत त्यानंतर करावी.

प्रश्न : घरी एकच मशीन आहे, वडील आणि आम्ही दोघे भाऊ तेच वापरतो. चालेल का?

उत्तर : स्वच्छ करत असाल तर चालेल. आधी ब्रशने केस झाडावेत, गार्ड साबणाने धुऊन वाळवावेत, मग पात्यावर 70 टक्के अल्कोहोल लावून ते आपोआप वाळू द्यावे आणि शेवटी मशीनच्याच तेलाचे दोन-तीन थेंब टाकून मशीन क्षणभर चालवावे. स्वयंपाकाचे किंवा डोक्याला लावायचे तेल चालत नाही, ते चिकट होते आणि पाते केस ओढू लागते. केस अडकलेल्या पात्यावर नुसते औषध फवारणे म्हणजे मनाची समजूत. सलूनमधल्या निळ्या दिव्याच्या पेटीलाही हेच लागू आहे, कारण प्रकाश मळाखाली पोहोचत नाही. कोणाला कापले, रक्त आले, तर पाते निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याने वापरू नये. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. सलूनमध्ये वस्तऱ्याचे ब्लेड समोर नवे काढून घ्यावे. घरात कोणाला गजकर्ण झाले असेल तर त्याचे उपचार पूर्ण होईपर्यंत त्याचे मशीन वेगळे ठेवावे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाचे केस बारीक केले तेव्हा एक गोल जागा रिकामी दिसली. मशीन लागल्यामुळे असेल का?

उत्तर : मशीनने ती जागा झाली नाही, ती दिसू लागली. त्वचा गुळगुळीत असेल तर चाई असू शकते. कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटलेले काळे खुंट असतील तर डोक्याचे गजकर्ण असू शकते आणि ते नुसत्या मलमाने बरे होत नाही, कारण बुरशी केसाच्या आत असते. त्यासाठी काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. मलम, लसूण, लिंबू काहीही न लावता मुलाला या दोन-तीन दिवसांत दाखवा आणि तोवर त्याचा कंगवा, टोपी व उशी इतरांना देऊ नका.

प्रश्न : सोरायसिस आहे आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. मशीन चालेल का?

उत्तर : गार्ड लावून चालेल, वस्तरा नको. सोरायसिसमध्ये त्वचेला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. ही गोष्ट केस कापणाऱ्याला आधी सांगावी. गोळी मात्र हजामतीसाठी स्वतःहून बंद करू नये. शंका असेल तर ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : बारीक केसांत डोके उन्हाने भाजते.

उत्तर : टोपी घालावी, नाहीतर एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन लावावे. टाळूवर न भरणारी जखम किंवा खरखरीत डाग राहिला तर दाखवावे.

प्रश्न : भोवऱ्यावरचे केस 3 नंबरमध्ये उभे राहतात.

उत्तर : तेथे मशीन भोवऱ्याच्या वळणानेच फिरवायला सांगावे आणि एक नंबर मोठा गार्ड ठेवून पाहावा. नाहीच बसले तर तेवढा भाग 1 किंवा 2 नंबर करावा. यासाठी डॉक्टर लागत नाही.