मामा कानडीतच का बोलतात?

‘पक्षाघातानंतर मामा (माझे सासरे) माझ्याशी मराठी बोलतच नाहीत. नीरु, साकु, बेड (पाणी, पुरे, नको), एवढंच. राग धरलाय का आमच्यावर?’ खानापूर तालुक्यातल्या एका सुनेचा हा प्रश्न (ओळखीचे तपशील बदललेत). तिचं माहेर चंदगडचं, कानडीचा गंध नाही. सासऱ्यांची ४० वर्षं बेळगावच्या रविवार पेठेत गेली. घरी मराठी, दुकानात कानडी.

राग नव्हे, हा वाचाघात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शब्द सापडेनासे होतात. माया आणि समज बरीचशी शाबूत राहू शकते. दोन भाषा येणाऱ्यांच्या दोन्ही भाषा बहुधा बरोबरीनं परततात, पण नेहमी नाही. आजारापूर्वी जास्त वापरातली भाषा आधी येते, असं पीत्र या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ मध्येच मांडलं होतं. इथं बाजाराची भाषा पुढं आली, इतकंच. यात सीमावाद नाही, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागतं. मुलगा ‘मराठीतच सांगा’ म्हणून अडून बसायचा, आणि मामा भिंतीकडं तोंड करायचे.

‘भजन तर अख्खं म्हणतात, मग सोंगच की!’ हीही शंका होती. भजन, वार, आकडे पाठ असतात; ते आपोआप येतात. ‘पाणी द्या’ मात्र शोधून काढावं लागतं.

आधी होकार-नकार तपासला. घरच्यांना उत्तर ठाऊक असलेले सहा प्रश्न विचारले, तीन ‘हो’चे, तीन ‘नाही’चे. मामांच्या तोंडी सहाही वेळा ‘हो’च आलं. मान डोलावणं आपल्याकडं दोन्ही अर्थांनी चालतं, म्हणून अंगठा ठरवला, वर किंवा खाली. उजवा हात लुळा, म्हणून डावा. तिथं सहाही उत्तरं बरोबर आली. मग तोंडचा ‘हो’ धरायचाच नाही, असं ठरलं.

टीव्ही बंद, समोर बसणं, एका वेळी एकच प्रश्न. ‘काय हवंय?’ असं नाही. तांब्या दाखवून ‘पाणी?’ मग मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. सून तिसऱ्या आकड्यालाच शब्द पुरवायची, आणि त्यांचा हाती येत असलेला निसटायचा. ओरडूनही बोलायची, कान तर ठणठणीत होते. वाचता येईलच असं नाही, म्हणून त्यांच्याच तांब्या-चष्म्याचे फोटो वहीत चिकटवले. वाचा-उपचार दोन्ही भाषांत सुरू झाले.

तिसऱ्या आठवड्यात तिनं तांब्या दाखवून ‘नीरु बेका?’ (पाणी हवंय का?) विचारलं. मामांनी अंगठा वर केला आणि तिच्या उच्चारावर पोट धरून हसले.