व्यवस्थापन बोलत नाही, ही तक्रार मान्यतेआधी टिकत नाही

तुमची परिस्थिती अशी दिसते: चाकणचा कारखाना, 180 कायम कामगार, संघटना नोंदवून चार महिने झालेत. मागणीपत्राला उत्तर नाही. अध्यक्ष आणि सरचिटणीस यांच्या हातात परराज्यातल्या बदलीची ऑर्डर ठेवली आहे. व्यवस्थापनाने उभ्या केलेल्या 'अंतर्गत कमिटी'त जे गेले त्यांचा पगार अचानक दोन हजारांनी वाढला. आता पोरं म्हणतायत, सोमवारपासून मशीन बंद.

सोमवारी बंद करू नका. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात (मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा या दोन्हींचा, 8 सप्टेंबर 1975 पासून लागू) 14 दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा धरला जातो. असा संप संघटनेने पुकारला किंवा त्याला साथ दिली, तर पुढचे सहा महिने औद्योगिक न्यायालय तिला मान्यता देऊ शकत नाही. व्यवस्थापनाला नेमकं हेच हवं असतं. डिवचायचं, पोरं उठली की संप बेकायदा ठरवून घ्यायचा. 'मग सगळे रजा टाकू' ही पळवाटही आता नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत 50 टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी टाकलेली किरकोळ रजा संपच धरली जाते.

आता मूळ प्रश्न. 'मागणीपत्रावर बोलत नाहीत' ही अनुचित प्रथा आहे का? या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाब 5 आहे: सद्भावाने सामूहिक वाटाघाट करायला नकार. पण ती फक्त मान्यताप्राप्त संघटनेच्या बाबतीत. तुमच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे, मान्यता नाही. नोंदणीने संघटना कायद्याने अस्तित्वात येते, समोरच्याला टेबलाशी बसवण्याचा हक्क तिच्यातून येत नाही. या बाबीवर आज तक्रार टाकलीत तर ती पडेल, आणि मालक तो आदेश झेरॉक्स काढून नोटीस बोर्डावर लावेल.

मान्यतेसाठी कलम 10 आणि 11 पाहा. आस्थापनेत मागच्या बारा महिन्यांत कधीतरी 50 कामगार असले पाहिजेत, तो प्रश्न तुम्हाला नाही. अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा कॅलेंडर महिने संघटनेकडे किमान 30 टक्के सभासद हवेत. ऑगस्टमध्ये अर्ज केला तर फेब्रुवारी ते जुलै, प्रत्येक महिन्यात 54. 'आज 120 आहेत' याला किंमत नाही. फेब्रुवारीत 49 असतील तर अर्ज गेला.

खरी पडझड वर्गणीत होते. सभासद म्हणजे दरमहा किमान 50 पैसे भरणारा, आणि सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त महिने थकबाकी झाली तर तो गणतीत येत नाही. बऱ्याच संघटना वर्षाची वर्गणी एकदम घेतात, एकच पावती फाडतात आणि नंतर महिनावार हिशेब मागितला की गोंधळतात. एकदम घेतली तरी पावतीवर 'जानेवारी ते डिसेंबर' असं स्पष्ट लिहा. पावतीचा क्रमांक सभासद नोंदवहीत, तीच रक्कम रोख वहीत, आणि बँकेत भरणा त्याच आठवड्यात. न्यायालयाचा तपासणी अधिकारी ही चारही कागदं समोरासमोर ठेवून पाहतो. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एका बैठकीत लिहिलेली सहा महिन्यांची पावतीपुस्तकं लगेच ओळखू येतात.

त्याबरोबर कलम 19 च्या अटी नियमावलीतच असाव्या लागतात: वर्गणीचा किमान दर, कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत, ठराव इतिवृत्ताच्या वहीत, लेखापरीक्षणाची तयारी. संघटना साध्या छापील नियमावलीवर नोंदवली असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या.

काही जण सांगतील, गुप्त मतदान मागा, आपण जिंकू. या कायद्याखाली ते चालत नाही. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये स्पष्ट केलं की दोन्ही संघटना राजी असल्या तरी सभासदत्वाची पडताळणी कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच व्हायला हवी. म्हणून पुन्हा वर्गणीच.

'अंतर्गत कमिटी'कडे दुर्लक्ष करू नका. उद्या ती स्वतःची संघटना नोंदवेल आणि मान्यतेचा अर्ज तुमच्या आधी टाकेल. न्यायालयाची सूचना कारखान्याच्या बोर्डावर लागते, हरकतीला मुदत असते. तो बोर्ड रोज पाहायला एक माणूस नेमा. अर्ज कामगारांच्या नव्हे तर मालकाच्या हितासाठी केला आहे हे दाखवलं, तर कलम 12 खाली मान्यता नाकारली जाते. हरकत चुकली आणि त्यांना मान्यता मिळाली, तर त्यांच्या जागी येण्याचा अर्ज साधारण दोन वर्षं करता येत नाही. शिवाय बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागी घेतलेल्या) किंवा हंगामी कामगारांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवल्याची तक्रार (चौथी अनुसूची, बाब 6) चालवायचा हक्कही मान्यताप्राप्त संघटनेकडे जातो. म्हणजे मालकाच्या खिशातल्या संघटनेकडे.

बदली आणि पगारवाढ यांविरुद्धच्या तक्रारीला मात्र मान्यता लागत नाही. इथे तुमची बाजू सगळ्यात मजबूत आहे. बदलीसाठी चौथ्या अनुसूचीतली बाब 3, संघटनेच्या कामामुळे भेदभावासाठी दुसऱ्या अनुसूचीतली बाब 4, संघटना बांधली जात असताना दिलेल्या वाढीसाठी बाब 1, आणि मालकाने एका गटाला पाठबळ दिल्याबद्दल बाब 2. हे सगळं औद्योगिक न्यायालयात, घटनेपासून 90 दिवसांत. कामगार न्यायालयात फक्त चौथ्या अनुसूचीतली बाब 1, म्हणजे बडतर्फी आणि सेवासमाप्ती. त्यासाठी हातात ऑर्डर पडेपर्यंत थांबायला नको. हिंदुस्तान लिव्हर विरुद्ध काटे या 1995 च्या निकालानुसार बडतर्फीची प्रक्रिया सुरू असतानाही दाद मागता येते.

बदलीच्या तक्रारीत सगळा खेळ तारखांचा असतो. नोंदणीची पोच, मागणीपत्राची पोच, बदलीची ऑर्डर, एका खाली एक लावा. त्या ठिकाणी तोच कामधंदा आहे का, गेल्या पाच वर्षांत कोणत्या कामगाराची तिथे बदली झाली, ही माहिती तक्रारीतच मागा. नियुक्तीपत्रात 'भारतात कुठेही' हे कलम असणारच. त्याने हेतूचा प्रश्न संपत नाही. तक्रारीबरोबर कलम 30(2) खाली स्थगितीचा अर्ज हजर होण्याच्या तारखेआधी दाखल करा. स्थगिती न मिळता दोघं घरी बसले तर गैरहजेरीचं आरोपपत्र येतं, आणि बदलीची चांगली केस बाजूला राहून गैरहजेरीची वाईट केस लढावी लागते. त्यापेक्षा 'हक्क राखून हजर होत आहे' असं लिहून देणं बरं. अंतरिम आदेश मोडला तर कलम 48 मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तुरुंगवास क्वचितच होतो, पण कारखाना व्यवस्थापकाच्या नावाने समन्स निघालं की फोन येतात.

नव्या संहितेबद्दल. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिने 1926, 1946 आणि 1947 चे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. महाराष्ट्राचा 1971 चा कायदा त्या यादीत नाही. तरी विषय तेच असल्याने समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घेईल हे धरून चला. संहितेत एकापेक्षा जास्त संघटना असतील तर हजेरीपटावरच्या 51 टक्क्यांचा पाठिंबा असलेली एकमेव वाटाघाटी संघटना होते. कोणाकडेच तितके नसतील तर वाटाघाटी परिषद, प्रत्येक 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणून 54 वर थांबू नका. 92 सभासद आणि त्यांच्या चोख पावत्या असतील तर दोन्हीकडे उभं राहता येतं. (गोव्यातून वाचणाऱ्यांसाठी: 1971 चा कायदा तिकडे नाहीच, त्यांनी थेट संहिताच पाहावी.)

कंत्राटी पोरांना सभासद जरूर करा, पण त्यांची नावं या तक्रारीत घुसवू नका. सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या 2001 च्या निकालांनंतर, मालक 'हे माझे कामगार नाहीत' म्हणाला की या कायद्याखालचं न्यायालय तो वाद ठरवत नाही. आधी नातं दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावं लागतं, आणि तोवर 180 जणांची सरळ तक्रारही त्यात अडकून पडते.