वाचकांचे प्रश्न : मोगऱ्याला खत कमी, कात्री जास्त

मे महिना आला की मोगऱ्याच्या तक्रारी सुरू होतात. यावेळी तर निम्म्याहून जास्त प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतूनच आलेत, आणि त्यातले बरेचसे ‘पानं भरपूर, फुलं नाहीत’ याच धाटणीचे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी मोगऱ्याचं रोप आणलं, आणलं तेव्हा कळ्या होत्या, नंतर एकही नाही. दर आठ दिवसांनी १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) देतो, केळ्याच्या सालीचं पाणीही घालतो. झाड हिरवंगार आहे, चार फूट वाढलंय. अजून कुठलं खत घालू? बाल्कनी उत्तरेची आहे.

उत्तर : दादा, ‘बाल्कनी उत्तरेची आहे’ हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत पण उत्तर तिथंच आहे. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, नुसता उजेड चालत नाही. आत्ता तुम्हाला वाटत असेल की अहो ऊन तर येतंय की, आणि ते खरंय, कारण मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीतही थोडं ऊन उतरतं. पण मोगरा कळ्या धरायची तयारी करतो जानेवारी ते मार्चमध्ये, आणि तेव्हा तुमच्याकडे दिवसभर सावली. घरात पूर्वेची किंवा पश्चिमेची एखादी खिडकी असेल तर कुंडी तिकडे न्या, नसेल तर सोसायटीकडे गच्चीची परवानगी मागा. तेही जमत नसेल तर स्पष्टच सांगते, तिथे मोगऱ्याचा हट्ट धरू नका.

दुसरं म्हणजे खत थांबवा. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं, तुमच्याकडे तेच झालंय. केळ्याच्या सालीचं पाणी घालून काही साधत नाही, साली सरळ कंपोस्टच्या डब्यात टाका.

आणि तिसरं, ज्याला सगळे घाबरतात, ते म्हणजे कापणं. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, जुन्या काडीवर नाही, म्हणून न कापलेलं झाड नुसतं उंच होत जातं. डिसेंबरमध्ये पाणी हळूहळू कमी करायचं, दोन-तीन आठवडे झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पानं जरा मलूल होतील पण काडी वाळणार नाही इतपत. मग जानेवारीच्या सुरुवातीला धारदार कात्रीने सगळ्या फांद्या साधारण निम्म्यावर आणायच्या, उरलेली पानं हाताने खुडायची, वरची दोन इंच माती उकरून एक-दोन दिवस ऊन लागू द्यायचं आणि मग दोन मुठी जुनं शेणखत आणि मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) घालून पोटभर पाणी. झाड अगदी बोडकं दिसतं, घरचे विचारतात हे काय केलंस, पण तीन-चार आठवड्यांत प्रत्येक डोळ्यातून, म्हणजे पान फुटतं त्या गाठीतून, पोपटी फूट निघते आणि तिच्या टोकाला नीट बघितलंत तर तीन बारीक कळ्या एकत्र दिसतील, त्यातली मधली आधी उमलते. तो झुबका फुलून गेला की खालच्या एका पानाच्या जोडीसकट छाटून टाका, तिथून परत फूट येते, परत कळ्या. असं करत करत मार्चपासून पाऊस लागेपर्यंत झाड फुलत राहतं. आत्ता मात्र एवढी मोठी छाटणी नको, नुसते शेंडे खुडा आणि जागा बदला.

प्रश्न : नेरुळला सिडकोचं बैठं घर आहे. गेटवर कमान करून वेल चढवायचाय. नर्सरीवाले कधी जाई म्हणतात, कधी जुई, कधी चमेली. फरक कसा ओळखायचा आणि कमानीला कुठला वेल चांगला?

उत्तर : ताई, फुलाची वाट बघू नका, पान बघा. जाईचं पान म्हणजे एका देठावर समोरासमोर छोट्या पानांच्या जोड्या आणि टोकाला एक, साधारण सात ते नऊ मिळून, आणि कळी बाहेरून गुलाबी छटेची. हिंदीत चमेली म्हणतात ती हीच. जुईचं पान वेगळं, एकच मोठं पान आणि त्याच्या बुडाशी कानाच्या पाळ्यांसारखी दोन इवलीशी पानं, काही वेळा तीही नसतात. फूल अगदी बारीक पण वास असा की घरभर कळतं. कुंदाचं पान साधं, जरा लव असलेलं, तो थंडीत पांढराशुभ्र फुलतो पण वास अगदी मंद, वासासाठी घ्यायचा असेल तर कुंद नको. रातराणी तर या घराण्यातलीच नाही, ती वांगी-टोमॅटोच्या कुळातली, आणि मधुमालतीही वेगळीच.

तुमच्या कमानीला जाई लावा. पावसाळ्यात फुलायला लागते ती दिवाळीपर्यंत देत राहते, संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की गेट उघडणारा माणूस दोन मिनिटं थांबतोच. फक्त एक लक्षात ठेवा, काकडी-कारल्यासारखे धरून चढणारे तंतू जाईला नसतात, तुम्ही बांधाल तिकडेच ती जाईल, त्यामुळे सुती दोरीने सैल बांधत राहायचं, वायरने नको, फांदी जाड झाली की वायर आत रुतते. लावायला जून एकदम योग्य. मातीत भर टाकलेली असेल, डेब्रिज निघत असेल, तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून लाल माती आणि शेणखत भरा.

प्रश्न : ऐरोलीला राहते. दरवर्षी पावसाळ्यात मोगऱ्याची पानं पिवळी पडतात आणि गेल्या वर्षी एक झाड गेलंच. पाणी तर मी घालतही नव्हते.

उत्तर : तुम्ही घालत नव्हतात पण आभाळ घालत होतं ना. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, कुंडीचं भोक बुजलेलं असेल तर मुळं पाण्यातच राहतात आणि कुजतात. माझी एक जाई अशीच गेली, पानं पिवळी पडली म्हणून मी आणखी खत घातलं, आणि कुंडी उलटी केली तेव्हा मुळं काळी, बोटात धरली की साल सुटून हातात येत होती आणि तळाला घाण वास. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. त्यामुळे आत्ताच, पावसाच्या आधी, कुंडीखालच्या ताटल्या काढा, भोकातून काडी घालून बघा, कुंडी दोन विटांवर ठेवा आणि मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू मिसळा. पाऊस असेपर्यंत खत अजिबात नाही.

प्रश्न : खारघरहून. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन गळतायत. रोग आहे का?

उत्तर : बहुतेक कळीमाशी आहे. कळी फोडून भिंगाने बघा, आत बारीक अळ्या दिसतील. त्या अळ्या मातीत उतरून कोष करतात म्हणून औषधापेक्षा साफसफाई महत्त्वाची, सगळ्या जांभळ्या कळ्या रोज वेचा, पिशवीत बांधून टाकून द्या, कुंडीत पडू देऊ नका, आणि वरची माती आठवड्यातून एकदा हलवा. जोडीला संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून फवारा, भर उन्हात नको, पानं करपतात.

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतो तो मोगरा सकाळी कळीच असतो, घरचा मात्र सकाळी खुडला की उमललेला आणि लगेच मलूल. असं का?

उत्तर : कारण मोगरा संध्याकाळी-रात्री उमलतो, सकाळी तुम्ही आदल्या रात्रीचं फूल खुडताय. विक्रमगड-जव्हारकडचे शेतकरी फुगलेल्या पण मिटलेल्या कळ्या पहाटेच तोडतात, तेव्हा कुठे त्या दादरच्या बाजारात वेळेवर पोचतात. तुम्हीही टपोरी पांढरी कळी खुडून ओल्या कपड्यात ठेवा, संध्याकाळी गजरा करा.

प्रश्न : नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, दिवाळीनंतर घर रिकामं करायचं. कंपाउंडच्या भिंतीवर बायकोने लावलेली तीस वर्षांची जाई आहे. बायको आता नाही. मुळासकट काढून नेता येईल का?

उत्तर : आजोबा, एवढा जुना वेल मुळासकट निघणार नाही, मुळं भिंतीखाली गेलेली असणार, ओढाओढीत तो जाईल. पण तीच जाई तुम्हाला नेता येईल, नुसती तिच्यासारखी नाही, तीच, कारण कलमातून येतो तो त्याच वेलाचा भाग असतो. आणि तुमच्या हातात अख्खा पावसाळा आहे.

जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले की जमिनीजवळची, पेन्सिलीएवढी जाड, वाकेल अशी फांदी निवडा. एका डोळ्याच्या खाली चाकूने इंचभर तिरपी चीर द्या, फांदी तुटू देऊ नका, चिरेत काडीचा तुकडा अडकवा म्हणजे ती मिटणार नाही. शेजारी मातीने भरलेली कुंडी ठेवून तो भाग दोन-तीन इंच आत दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. याला दाब कलम म्हणतात. दोन महिन्यांनी फांदी हलकेच ओढून बघा, हलली नाही तर मुळं धरलीत. चार कुंड्यांत चार फांद्या दाबा, एखादी फसते. वाकायला त्रास होत असेल तर शेजारच्या मुलांना हाताशी घ्या, तुम्ही खुर्चीवर बसून दाखवा. शिवाय वीतभर लांबीचे दहा-बारा काप ओल्या वाळूत सावलीत खोचून ठेवा, त्यातले निम्मे जरी जगले तरी बिल्डिंगमधल्या ज्यांना हवेत त्यांना देता येतील.

गणपतीनंतर कलम मूळ वेलापासून तोडा, पण लगेच हलवू नका. कुंडी पंधरा-वीस दिवस तिथंच, त्याच भिंतीशी, जुन्या वेलाच्या सावलीत राहू द्या, नवी फूट दिसली की मग भाड्याच्या घरी न्या आणि जिथे सकाळचं ऊन येतं त्या खिडकीत ठेवा.