पीटीच्या सुटीसाठी मुलीचं सिकलसेल कार्ड वर्गात दाखवावंच लागतं का?

नाही. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आणि कार्डावर त्याची नोंद असते; पीटीच्या सरांना आजाराचं नाव कळायची गरजच नाही.

ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना सांगा, चिठ्ठीवर एवढंच लिहा: "जोराचं धावणं टाळावं, मधेमधे पाणी पिऊ द्यावं, उन्हात उभं करू नये", खाली तारीख, मुदत, सही, शिक्का. मूळ कागद मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्या. सरांना त्यांचा निरोप पुरे.

माझ्या भाचीला ग्राउंडवर सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं गं तुले?" तिनं कार्ड काढलं. संध्याकाळी गावभर झालं, आणि आपल्याकडे अशी गोष्ट थेट लग्नाच्या बैठकीत निघते. आम्ही मग कार्डाच्या प्लास्टिक कव्हरात पुढून ही चिठ्ठी घातली, कार्ड मागे. पण कार्ड दप्तरातून काढू नका हं. अचानक हाडं दुखू लागली, ताप-धाप लागली तर डॉक्टरला ते लगेच दिसलं पाहिजे. एका मैत्रिणीला आणि वर्गशिक्षिकेला ते कुठे ठेवलंय तेवढं माहीत असू द्या.

2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, त्यामुळे पात्र ठरली तर यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निघतं. पण त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो, म्हणून ते शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, मागणारे सर कितीही ओळखीचे असोत. आधारची झेरॉक्स मागितली तर 'मास्क्ड' प्रत द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.