नाकातून काळं निघते, मंग फुफ्फुसात किती जात असंल?

प्रश्न : नमस्कार. तूर काढायच्या सीझनमध्ये मी हडंब्यावर (मळणी यंत्रावर) कामाले जातो. संध्याकाळी नाक शिंकरलं का काळं निघते, सकाळी बेडकाही काळाच पडते. हा सारा धुराळा फुफ्फुसात चालला का? तोंडानं श्वास घेतला तर मोकळं वाटते, तसा घेऊ का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, जे बाहेर पडलं ते आत राह्यलं नाही, हे आधी ध्यानात घ्या. पण तोंडानं श्वास नका घेऊ, हात जोडून सांगतो. नाकात दोन्ही बाजूनं तीन-तीन वळलेली हाडं असतात, त्यावर ओलसर अस्तर, हवा सरळ जाऊच शकत नाही, वळणं घेत जाते आणि जाड धूळ तिथंच चिकटते, हवा गरम आणि ओली होते ते वेगळंच. तोंडात ही आडकाठी नाही म्हणून मोकळं वाटतं, आणि म्हणूनच कुटाराची (भुशाची) धूळ थेट घशात उतरते.

आता कंठाखाली बोट फिरवून पाहा, कडक कड्या लागतील. श्वासनळी १०-१२ सेंटिमीटरची, तिला कुर्चेच्या १६ ते २० कड्या. मोटारीच्या सक्शन पाइपाला कडक वेटोळं असते ना, पाणी ओढताना पाइप चिपकू नये म्हणून, तेच काम. मागून या कड्या उघड्या असतात, कारण मागं अन्ननळी आहे, मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा लागते.

नळीच्या आत चिकट थर असतो आणि केसांहून कितीतरी बारीक तंतू तो थर रात्रंदिवस वर घशाकडे ढकलत राहतात, तुमचा सकाळचा काळा बेडका तो हाच. बिडीच्या धुरानं हे तंतू लुळे पडतात, त्यामुळं हडंब्यावर धूळ खाऊन वरून बिडी ओढणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

पुढं नळीला फाटे फुटत जातात, एकाचे दोन, दोनाचे चार, असे जवळपास २३ वेळा, आणि शेवटी ३० कोटींच्या वर हवेचे इवलेसे फुगे. तिथं झाडणारे तंतू नाहीत. अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ (डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन) तिथवर पोचते, काही पेशी ती गिळतात पण रोजच्या माऱ्याला त्या पुरत नाहीत. दुपट्टा जाड धूळ अडवतो, ही नाही अडवत. एन-९५ मास्क घ्या, नाकावर घट्ट बसवा, आणि वारा पाठीवर येईल असे उभे राहा, धुराळा समोर उडून जाईल. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा चालताना दम लागत असेल तर सीझन संपायची वाट न पाहता डॉक्टरला छाती दाखवा.